कामाची जीप आणि तिचा ग्राहक : एक चिकित्सा

स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रातील ग्रामीण दळणवळणाचा विचार जीपला वगळून करता येत नाही. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगाव येथे विलीज जीपच्या सुट्या भागांची जुळणी सुरू झाली. त्या वेळी हे वाहन घेणार कोण, हा प्रश्न विचारण्याची गरज नव्हती. लष्कर, वनखाते, साखर कारखान्यांचे शेतकी विभाग आणि कालांतराने वडापचे चालक यांना ते कामासाठीच हवे होते. मूळ रचनाही कामाचीच होती. अमेरिकेत १९४५ पासून विकली गेलेली नागरी जीप शेतकऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून बनविलेली होती. तिच्या इंजिनावर शेतातील अन्य यंत्रेही चालविता येत. १९४८ च्या ॲमस्टरडॅम प्रदर्शनात अवतरलेल्या लँड रोव्हरचा हेतूही याहून वेगळा नव्हता.

आज त्याच घराण्यातील थार पाहिली की ग्राहक बदलल्याचे स्पष्ट दिसते. २०१० ची थार जुन्या जीपशी बरेच नाते राखून होती. २०२० च्या आवृत्तीत समोरासमोर बाके असलेली सहा आसनी रचना प्रारंभी उपलब्ध होती. ती अल्पावधीतच मागे घेण्यात आली. वरवर किरकोळ वाटणारा हा बदल मूलगामी आहे. बाके दुमडली की मागे खताच्या गोणी, पाण्याचा पंप, दुधाचे कॅन मावत. पुढे तोंड केलेली पक्की आसने आली आणि ही जागा गेली. अर्थात, अपघातात आडव्या बाकांवरील प्रवाशाला संरक्षण मिळत नाही, ही बाब नाकारता येणार नाही. वडापमध्ये दाटीने बसणाऱ्यांचे हाल सर्वांना ठाऊक आहेत. आक्षेप सुरक्षिततेवर नाही. बाके काढल्यावर त्या जागी मालासाठी काय दिले, हा खरा प्रश्न आहे.

जानेवारी २०२३ मध्ये तर थार केवळ मागील चाकांना शक्ती देणाऱ्या रूपातही आली. २०२४ च्या पाच दारी थार रॉक्सची प्रारंभीची शोरूम किंमत १२.९९ लाख रुपये होती. फोर व्हील ड्राइव्ह हवी असल्यास मात्र ती १८.७९ लाखांपासून सुरू होत होती. म्हणजे रांगडे रूप सर्वांना आणि रांगडी क्षमता ज्याला परवडेल त्याला, अशी ही विभागणी होय.

तथापि कष्टकरी ग्राहक फसला, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. त्याने आपला निर्णय फार पूर्वीच घेतला आहे. २००० साली आलेली बोलेरो बहुतांशी मागील चाकांवरच चालते, आणि तरीही खेड्यापाड्यांत तिचा जम बसला. कारण या ग्राहकाचा हिशेब निराळा असतो. माणसे किती बसतील, हौद्यात किती माल जाईल, पाटा तुटला तर तालुक्याच्या गावातील मिस्त्री तो त्याच दिवशी बसवील का, पाच वर्षांनी विकताना काय येईल, हे तो पाहतो. चिखलात रुतलेली गाडी वर्षातून दोनदा ट्रॅक्टरने ओढून काढणे त्याला परवडते. त्यासाठी पाच-सहा लाख अधिक मोजणे परवडत नाही. खडतर वाटेवरची क्षमता म्हणजेच कामाची योग्यता, हे वाहनसमीक्षेत रुळलेले समीकरण येथे टिकत नाही. त्या समीक्षेत नदीपात्र ओलांडण्याची चर्चा पानभर असते, गोणीची नसते. बोलेरो कॅम्पर व पिकअप यांत मिळत आलेल्या फोर व्हील ड्राइव्हच्या पर्यायाचीही तेथे क्वचितच दखल घेतली जाते.

ज्यांना चारही चाकांची शक्ती खरोखर लागते, असा एक वर्ग मात्र मधल्या मध्ये सापडला आहे. ताडोबाच्या मोहर्ली प्रवेशद्वारी पर्यटकांसाठी उभ्या राहणाऱ्या उघड्या जिप्सी हे त्याचे ठळक उदाहरण. १९८५ पासून बनणाऱ्या जिप्सीची नागरी विक्री २०१८-१९ च्या सुमारास थांबली. २०२३ मध्ये आलेल्या जिम्नीत फोर व्हील ड्राइव्ह आहे, परंतु छत बंद आणि आसने चार. सहा पर्यटक, चालक व वाटाड्या यांना घेऊन जंगलात शिरणाऱ्या गाडीमालकाला तिचा उपयोग नाही. त्याचा कल साहजिकच जुनी जिप्सी दुरुस्त करून चालविण्याकडे राहतो.