अरुंद जबडा आणि दंतरोपणाचे ‘यश’ : एक चिकित्सा

प्रस्तावना :

दाताभोवतीचे हाड दाताच्या आधाराने टिकते. दात काढला की ते झिजू लागते आणि ही झीज उंचीपेक्षा रुंदीत अधिक होते. दाढा व उपदाढा काढलेल्या रुग्णांचा श्रॉप व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार पहिल्या वर्षभरात हाडाच्या कडेची सुमारे निम्मी रुंदी कमी होते आणि त्यातील दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच घडते. ओठाच्या व गालाच्या बाजूची भिंत मुळातच पातळ असते. आधी जाते ती तीच. काढलेल्या दाढेची जागा वर्षानुवर्षे तशीच ठेवून मग दंतवैद्याकडे जाणाऱ्या रुग्णास ‘हाड अरुंद आहे’ हे वाक्य हमखास ऐकावे लागते. अशा रुग्णांतील दंतरोपणाचे यश ज्या मापाने मोजले जाते, ते माप या प्रश्नास पुरेसे आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. प्रस्तुत लेखक भौतिकशास्त्राचा अध्यापक आहे, दंतवैद्य नव्हे. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या कौशल्याविषयी भाष्य करण्याचा अधिकार त्याला नाही. मोजमापाविषयी मात्र आहे.

हाड आणि स्क्रू यांचे गणित :

टायटॅनियम हाडाशी एकजीव होते, हे स्वीडनमधील ब्रोनेमार्क यांनी १९५० च्या दशकात सशांवरील प्रयोगांत पाहिले व १९६५ मध्ये मानवी रुग्णावर त्याचा उपयोग केला. त्यांच्या पद्धतीतील रूढ स्क्रूचा व्यास ३.७५ मिमी. दोन्ही बाजूंस किमान एक-एक मिलिमीटर हाड हवे, म्हणजे कडेची रुंदी सुमारे सहा मिलिमीटर हवी. ती चारच असेल तर दोन मार्ग उरतात : हाड रुंद करणे किंवा स्क्रू बारीक करणे.

हाड रुंद करण्यासाठी हनुवटीतून वा खालच्या जबड्याच्या मागील भागातून हाडाचा तुकडा घेऊन बसवतात, पडद्याखाली हाडाची भुकटी भरतात किंवा कड मधोमध चिरून फाकवतात. चिरण्यासाठी दोन कठीण थरांमध्ये थोडे मऊ हाड असावे लागते. खालच्या जबड्याच्या घट्ट हाडात बाहेरचा थर तुटण्याचा धोका असतो. तुकडा बसवल्यास साधारणपणे चार ते सहा महिने थांबावे लागते आणि जेथून हाड घेतले तेथील वेदना व बधिरपणा वेगळाच. ‘किती रोपणे टिकली’ या आकड्यात हा भोग कोठेच उमटत नाही.

बारीक स्क्रूचा मार्ग सोपा दिसतो. पण भरीव दंडगोलाची वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाशी प्रमाणबद्ध असते. ४.१ ऐवजी ३.३ मिमी व्यास घेतला तर व्यास पाचव्या हिश्शाने घटतो, ताकद मात्र जवळपास निम्मी होते. प्रत्यक्षातील रोपण आतून पोकळ असल्याने परिस्थिती अधिकच नाजूक. टायटॅनियम-झिर्कोनियम मिश्रधातूने ही उणीव काही अंशी भरून काढली. ३.३ ते ३.५ मिमी व्यासाच्या रोपणांविषयी दाढांच्या जागीही बराच पुरावा आहे, हे मान्य केले पाहिजे. त्याहून बारीक रोपणांचे चांगले आकडे मात्र मुख्यतः कमी भाराच्या समोरच्या दातांचे वा कवळीस आधार देणाऱ्या रोपणांचे आहेत. ते दाढेस लावणे हा तर्कदोष होय.

निसटलेली भिंत :

खरा आक्षेप पुढेच आहे. आल्ब्रेक्टसन व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये यशाचे निकष मांडले : रोपण हलू नये, वेदना वा संसर्ग नसावा, पहिल्या वर्षानंतर हाडाची उभी झीज वर्षाला ०.२ मिमीपेक्षा कमी असावी. नुसते ‘टिकणे’ आणि ‘यशस्वी होणे’ यांतील भेद त्यामुळे स्पष्ट झाला, हे त्यांचे मोठे श्रेय. परंतु ही झीज साध्या क्ष-किरण चित्रावर मोजली जाते. असे चित्र सपाट असते; त्यात रोपणाच्या पुढची व मागची, म्हणजे शेजारच्या दातांकडील हाडाची पातळी दिसते. गालाकडील भिंत रोपणाच्या छायेत लपते. अरुंद कडेत प्रश्न असतो तो नेमका याच भिंतीचा! ती पूर्ण विरघळली तरी चित्र निर्दोष दिसू शकते. कोन बीम सीटीने ती पाहता येते, परंतु धातूभोवती उमटणाऱ्या विकृतींमुळे पातळ हाडाचे माप तेथे विश्वासार्ह राहत नाही; शिवाय प्रत्येक तपासणीस किरणोत्सर्ग वाढवणे समर्थनीय नाही. तेव्हा शस्त्रक्रियेच्या वेळी हिरडी उघडलेली असतानाच भिंतीची जाडी मोजून नोंदवणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. प्रत्येक शोधनिबंधात ही नोंद सक्तीची असावयास हवी.

प्रस्तुत लेखकाच्या मामांच्या खालच्या जबड्यात असे एक रोपण आहे. त्यांच्या फाईलमध्ये पाच वर्षांची क्ष-किरण चित्रे व दोन्ही बाजूंच्या हाडाची उंची व्यवस्थित लिहिलेली आहे. गालाकडील हाडाच्या जाडीचा रकाना त्या छापील तक्त्यात मुळातच नाही.