पदवीस्तरावरील शोधनिबंधाची रचना : साचा आणि प्रश्न

प्रास्ताविक

पदवीच्या विद्यार्थ्याने संशोधन करावे, ही अपेक्षा महाराष्ट्रातील महाविद्यालयांना नवी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ मधील निर्देशानंतर पर्यावरण अभ्यास हा विषय कालांतराने पदवी अभ्यासक्रमात अनिवार्य झाला आणि त्याच्या पाठोपाठ प्रकल्पवही आली. २००६ पासून राज्यातील विद्यापीठांमध्ये ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा होऊ लागली. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या पदवी आराखड्याने या अपेक्षेला औपचारिक रूप दिले. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा त्याहून अधिक गुण मिळविणारा विद्यार्थी चौथ्या वर्षी संशोधनाचा मार्ग निवडू शकतो आणि त्यासाठी १२ श्रेयांकांचे संशोधनकार्य त्याला करावे लागते. म्हणजे पूर्वी जी वही परीक्षेच्या आदल्या आठवड्यात झेरॉक्सच्या दुकानातून ‘तयार’ होत असे, तिच्या जागी आता पदवीचा एक भरीव हिस्सा आला आहे.

या पार्श्वभूमीवर विद्यार्थ्यांचे शोधनिबंध वाचले असता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. विषय इतिहासाचा असो, मराठीचा असो वा वाणिज्याचा, निबंधाचा सांगाडा एकच असतो. प्रस्तावना, विषयाचे महत्त्व, उद्दिष्टे, गृहीतके, व्याप्ती, मर्यादा, संशोधन पद्धती, विश्लेषण, निष्कर्ष, शिफारशी. शीर्षके बरोबर असतात, क्रम बरोबर असतो, प्रत्येक शीर्षकाखाली चार ओळी असतात. नसतो तो प्रश्न. प्रस्तुत लेखात या साच्याची चिकित्सा केली असून, प्रश्नातून रचना कशी उभी राहते हे एका उदाहरणाच्या आधारे पाहिले आहे.

साच्याचे मूळ

हा साचा विज्ञानातून आला, असे सामान्यतः समजले जाते. ते अंशतःच खरे आहे. प्रास्ताविक, पद्धती, निष्पत्ती आणि चर्चा अशी चतुर्विध मांडणी विसाव्या शतकात प्रायोगिक विज्ञानांच्या नियतकालिकांत स्थिरावली आणि १९७२ मध्ये अमेरिकेत तिला राष्ट्रीय मानकाचे स्थान मिळाले. मात्र खुद्द वैज्ञानिकांमध्येही तिच्याविषयी एकमत नव्हते. नोबेल पारितोषिकाचे मानकरी पीटर मेदावार यांनी १९६३ मध्ये बीबीसीवरील एका भाषणात, वैज्ञानिक शोधनिबंध ही एक प्रकारची फसवणूक तर नव्हे ना, असा प्रश्न उपस्थित केला होता. निष्कर्षांवर त्यांचा आक्षेप नव्हता. आधी निरपेक्ष निरीक्षण आणि मग त्यातून सिद्धान्त, असा जो देखावा ही मांडणी उभी करते, तो प्रत्यक्ष विचारप्रक्रियेशी जुळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. शेवटी येणारी चर्चा वस्तुतः आरंभी यावी, असेही त्यांनी सुचविले होते.

परंतु आपल्याकडील दहा शीर्षकांचा साचा ही चतुर्विध मांडणी नव्हेच. महत्त्व, उद्दिष्टे, व्याप्ती आणि मर्यादा ही शीर्षके विद्यावाचस्पती पदवीच्या नोंदणीसाठी समितीपुढे ठेवावयाच्या आराखड्यात शोभणारी आहेत. आराखडा हे वचनपत्र असते. काय करण्याचा मानस आहे, हे काम सुरू होण्यापूर्वी तो सांगतो. शोधनिबंध हा झालेल्या कामाचा वृत्तान्त आणि त्या कामाच्या बळावर केलेला युक्तिवाद असतो. विद्यार्थ्यांचे बहुसंख्य निबंध म्हणजे क्रियापदांचा काळ बदललेला आराखडा होय. ‘अभ्यास केला जाईल’ याचे ‘अभ्यास केला आहे’ होते, मधल्या मजकुरात मात्र फरक पडत नाही. हा दोष केवळ विद्यार्थ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. २०१० नंतर अध्यापकांच्या पदोन्नतीसाठी गुणांकांची मोजदाद सुरू झाली आणि चर्चासत्रांच्या जाडजूड ग्रंथांतून निबंधांचा पूर आला. विद्यार्थी नमुना म्हणून पाहतो ते त्यांच्याकडेच.

‘गृहीतक’ या शब्दाचा घोळ

साच्यातील एका शीर्षकाकडे स्वतंत्रपणे पाहणे आवश्यक आहे. जे आधारभूत मानून चालायचे ते आणि जे तपासून पाहायचे ते, या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. मराठीतील संशोधन-पद्धतीच्या लेखनात पहिल्यासाठी ‘गृहीतक’ आणि दुसऱ्यासाठी कुठे ‘गृहीतकृत्य’, कुठे ‘परिकल्पना’, तर कुठे ‘अभ्युपगम’ असे शब्द आढळतात. व्यवहारात मात्र सर्रास ‘गृहीतके’ हेच शीर्षक दिले जाते. शब्द बोलतो तसा विद्यार्थी वागतो. जे गृहीत धरले आहे ते तपासायचे कशाला? म्हणून ‘ग्रामीण भागात शिक्षणाविषयी जागृती कमी आहे’ असे गृहीतक मांडले जाते, पन्नास प्रश्नावल्या भरल्या जातात, सदतीस जणांनी ‘होय’ म्हटल्याचे सारणीत नोंदवून ७४ टक्के हा आकडा काढला जातो, आणि ‘गृहीतक सिद्ध झाले’ असा निष्कर्ष येतो. ते असिद्ध झाल्याचा निबंध वाचनात येणे दुर्मीळच. उत्तरदाते कोणी निवडले, कोणत्या गावचे, प्रश्न विचारणारा त्यांचा कोण लागत होता, याविषयी मौन असते. साहित्याच्या निबंधात तर हे शीर्षक अनेकदा निरर्थकच ठरते, तरी ते नसेल तर मार्गदर्शक निबंध परत पाठवतात.

तपासण्याजोगी परिकल्पना कशी असते याचे उदाहरण पुण्यातच सापडते. दामोदर धर्मानंद कोसंबी हे फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापन करीत असतानाच आहत नाण्यांच्या अभ्यासाकडे वळले. नाणे जितके अधिक काळ हातोहाती फिरेल तितके ते झिजेल, हा त्यांचा साधा तर्क होता. तो खरा असेल, तर तक्षशिलेच्या साठ्यातील ज्या नाण्यांच्या मागील बाजूस तपासणीचे ठसे अधिक, त्यांचे वजन सरासरीने कमी भरले पाहिजे. वजन आणि काळ यांचे नाते मुळात टिकते की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी चलनातील आधुनिक नाणी हजारोंच्या संख्येने तोलली. हा तर्क खोटा ठरू शकला असता. तो तसा ठरण्याची वाट मोकळी ठेवणे म्हणजेच पद्धती, आणि त्यांच्या लेखनातील पद्धतीचा भाग या गरजेतून येतो.

एक उदाहरण : जनाबाईंचे अभंग

मराठी विभागात वारंवार येणारे एक शीर्षक घेऊ : ‘संत जनाबाईंच्या अभंगांतील स्त्री-जाणीव’. साच्यानुसार या निबंधाची पहिली दोन पाने वारकरी संप्रदायाच्या इतिहासाला जातात, तिसरे जनाबाईंच्या चरित्राला, मग स्त्रीवादाची एक व्याख्या, काही अवतरणे आणि ‘जनाबाई या काळाच्या पुढे होत्या’ हा निष्कर्ष. यातील काहीही चुकीचे असेलच असे नाही. मात्र निबंध लिहिण्यापूर्वी विद्यार्थ्याला जे माहीत होते, त्यात त्याने कसलीही भर घातलेली नसते.

आता शीर्षक बाजूस ठेवून एक प्रश्न घेतला तर? जनाबाईंच्या नावावरील अभंगांत दळण, कांडण, पाणी भरणे, शेणी वेचणे, धुणे अशी घरकामे येतात आणि विठ्ठल त्यात हात लावतो, हे सर्वश्रुत आहे. तो नेमके काय करतो? तो जनीसोबत काम करतो, की तिच्याऐवजी करतो? की ती एकटी राबते आणि तो केवळ स्मरणात असतो? हा प्रश्न लहान आहे, पदवीच्या विद्यार्थ्याला एका सत्रात पेलणारा आहे, आणि त्याचे उत्तर आधीपासून ठाऊक नाही.

असा प्रश्न हाती आला की निबंधाचे भाग आपोआप मागणी करू लागतात. अभंग कोणत्या प्रतीतून घ्यायचे? जनाबाईंची रचना नामदेव गाथेच्या आवृत्त्यांतून व सकलसंतगाथेतून उपलब्ध आहे. दोहोंतील अभंगसंख्या व पाठ जुळतात का, हे पाहावे लागते. जनी ही नाममुद्रा असलेला प्रत्येक अभंग तेराव्या-चौदाव्या शतकातील एकाच स्त्रीचा मानता येईल का, की परंपरेने तिच्या नावावर भर घातली, हेही सांगावे लागते. येथे विद्यार्थ्याने वाद सोडवणे अपेक्षित नाही. आपण ‘जनाबाईंच्या नावावरील अभंग’ वाचत आहोत, एवढे स्पष्ट नोंदविले तरी पुरे. ‘मर्यादा’ या शीर्षकाखाली वेळ व पैसा यांच्या अभावाची जी क्षमायाचना येते, तिची जागा या एका वाक्याने घेतली जाते. पुढे, घरकाम कशाला म्हणायचे? वेणीफणी हे काम की माया? प्रत्येक निर्णय एका ओळीत कारणासह लिहिला की पद्धतीचा परिच्छेद पूर्ण होतो. ‘वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे’ हे वाक्य वापरून काहीच कळत नाही.

त्यानंतर अभंगांचे गट पाडले जातात आणि तेथेच खरी अडचण उभी राहते. जनाबाईंच्या नावावर योगानुभवाचे, अद्वैताचे अभंग आहेत, हरिश्चंद्राख्यानासारखी कथनपर रचनाही आहे. त्यांत जाते नाही, उखळ नाही. साच्यातील निबंध या रचनांना मुकाट्याने वगळतो, कारण त्या शीर्षकात बसत नाहीत. प्रश्नातून उभ्या राहिलेल्या निबंधाला त्यांना तोंड द्यावे लागते. जेथे घर नाही तेथे विठ्ठलाचे रूप बदलते का? सोबती असलेला देव तेथे निर्गुण होतो का? की हे दोन्ही एकाच अभंगात शेजारी शेजारी नांदतात? निबंधाचे गाभ्याचे प्रकरण ते हेच. विद्यार्थ्याच्या प्रतिपादनाच्या विरोधात जाणारा पुरावा कोठे आणि किती जागा व्यापतो, यावरून निबंधाची प्रत ओळखता येते.

पूर्वसंशोधनाचा आढावाही मग यादी उरत नाही. ‘अमुक यांनी अमुक साली ग्रंथ लिहिला’ अशा नोंदींची माळ ओवण्याऐवजी, या प्रश्नाविषयी आधी कोण काय म्हणाले आणि कोणता भाग अस्पर्श राहिला, एवढेच सांगावे लागते. जॉन स्वेल्स यांनी १९९० मध्ये शोधनिबंधांच्या प्रास्ताविकांचे विश्लेषण करताना तीन पावले दाखविली : क्षेत्र दाखविणे, त्यातील रिकामी जागा दाखविणे, ती जागा घेणे. आपल्याकडे पहिले पाऊल दोन पाने चालते आणि दुसरे पडतच नाही.

मोह आवरणे हाही रचनेचाच भाग आहे. जात्यावरच्या ओव्यांचा विषय निघाला की गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने संकलित झालेल्या एक लाखाहून अधिक ओव्या समोर येतात. त्यांत जनाबाईविषयीच्या ओव्याही आहेत. तुलनेचा मोह होणारच. तीन-चार हजार शब्दांत ती तुलना मावत नाही. व्याप्ती ठरविणे म्हणजे हा मोह नोंदवून पुढच्या निबंधासाठी राखून ठेवणे.

लेखनाचा क्रम आणि मूल्यमापन

वाचनाचा क्रम हा लेखनाचा क्रम नसतो, ही साधी बाब वर्गात क्वचितच सांगितली जाते. विद्यार्थी प्रस्तावनेपासून लिहू लागतो, कारण पहिले शीर्षक ते आहे. आणि काय सापडणार हे ठाऊक नसल्याने प्रस्तावना ‘प्राचीन काळापासून’ सुरू होते. वरील उदाहरणात प्रथम लिहावयाचा भाग गटांच्या विश्लेषणाचा, नंतर पद्धतीचा, मग प्रास्ताविक, सारांश व शीर्षक सर्वांत शेवटी. शिफारशींची येथे गरजच नाही. जनाबाईंच्या अभंगांवरील निबंधाअंती ‘शासनाने लक्ष द्यावे’ असे लिहिण्याचे प्रयोजन काय?

अवतरण आणि ऋणनिर्देश यांबाबत २०१८ च्या नियमावलीमुळे साम्याची टक्केवारी तपासण्याची पद्धत रूढ झाली. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य, हे विद्यार्थ्याला पाठ असते. पण ही मोजणी शब्दांची आहे, उसन्या विचाराची नव्हे. शब्द फिरवून घेतलेला परिच्छेद तिच्यातून सहज निसटतो. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी उपलब्ध झाल्यापासून तर दहा शीर्षकांचा साचा काही क्षणांत, शुद्धलेखनासह, भरून मिळतो. जो निबंध यंत्र इतक्या सहजतेने लिहू शकते, तो विद्यार्थ्याकडून का लिहवून घ्यायचा, याचे उत्तर साच्याच्या समर्थकांना द्यावे लागेल. गाथेच्या दोन प्रती शेजारी ठेवून विद्यार्थ्याने पेन्सिलीने केलेल्या खुणा, ‘हा अभंग कोणत्या गटात?’ अशी समासातील टीप आणि फिरविलेला निर्णय हे मात्र त्याचेच असते.

म्हणून निबंधासोबत ही कामाची वही मागविणे आणि तोंडी परीक्षेत तिच्यावर प्रश्न विचारणे अधिक उपयुक्त ठरेल. एक अध्यापक आठ-दहा विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करीत असेल तर हे वेळखाऊ आहे, यात शंका नाही. परंतु अंतर्गत गुणपत्रकात आज प्रस्तावनेला पाच, उद्दिष्टांना पाच, संदर्भसूचीला पाच अशी जी विभागणी दिसते, ती शीर्षक असल्याचे गुण देते. त्या तक्त्यात ‘प्रतिपादनाविरुद्ध जाणारा पुरावा’ असा एक रकाना घालण्यास मात्र कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.