‘प्रेरित’ म्हणजे नेमकं काय? कॉमिक्समधला वेताळ आणि शिवेवरचा वेताळ

पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मुलामुलींच्या कच्च्या मसुद्यांत एक शब्द हटकून सापडतो : ‘प्रेरित’. अमुक कथा तमुक लोककथेवरून प्रेरित, अमुक पात्र तमुक देवावरून प्रेरित. वाक्य कानाला बरं वाटतं, पण गाईडने ‘कशावरून?’ एवढंच विचारलं की गाडी अडते. कारण या एका शब्दात चार वेगवेगळे प्रश्न दडलेले आहेत. नाव घेतलं का? रूप घेतलं का? काम घेतलं का? आणि घेतलं असेल तर ते कुठल्या वाटेने आलं? चौथ्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर पहिल्या तीन उत्तरांचा फारसा उपयोग होत नाही.

हे चार प्रश्न आपण एका ओळखीच्या पात्रावर लावून बघू. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ. जांभळा घट्ट पोशाख, डोळ्यांवर मुखवटा, कमरेला दोन पिस्तुलं, कवटीची गुहा, घोडा आणि लांडगा. तुमच्या आईवडिलांना विचारा, त्यांना हा वेताळ नक्की आठवेल.

पण आधी एक परदेशी उदाहरण, म्हणजे तुलना करायला काहीतरी हाताशी राहील. ब्रिटनमधल्या ‘२००० एडी’ या साप्ताहिकात १९८३ साली लेखक पॅट मिल्स आणि चित्रकार अँजेला किनकेड यांनी ‘स्लेन’ नावाचा केल्टिक योद्धा आणला. रागाच्या भरात त्याचं सगळं शरीर पिळवटून राक्षसी होतं. ही कल्पना आयर्लंडच्या जुन्या वीरकथांतल्या कू खुलिनची, आणि तो वीर लूख या देवाचा मुलगा मानला जातो. पुढे १९८९ मध्ये सुरू झालेल्या ‘द हॉर्न्ड गॉड’ या मालिकेत स्लेन स्वतःच शिंगवाल्या देवाचं रूप घेतो. इथे वाट स्पष्ट आहे. लेखकाने आयरिश कथा समोर ठेवून पात्र रचलं, त्यामुळे ‘प्रेरित’ म्हणायला हरकत नाही.

आता त्या शिंगवाल्या देवाबद्दल आपल्याला कितीसं ठाऊक आहे? त्याचं केर्नुनोस हे नाव १७१० साली पॅरिसच्या नोत्र दाम चर्चखाली सापडलेल्या एका दगडी खांबावर कोरलेलं आहे. डेन्मार्कमध्ये १८९१ साली सापडलेल्या गुंडेस्ट्रुपच्या चांदीच्या पात्रावर शिंगं असलेली बसलेली आकृती आहे, पण तिच्याखाली नाव नाही. नाव सांगणारे लेख हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्याची म्हणावी अशी एकही कथा शिल्लक नाही. म्हणजे कॉमिक्सवाल्याला मैदान मोकळं. आमच्या देवाचं असं नाही हो, असं सांगायला जुना भक्तच उरलेला नाही.

वेताळाचं नेमकं उलट आहे. त्याचे भक्त जिवंत आहेत, देवळं चालू आहेत. सिंधुदुर्गात वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा, गोव्यात लोलये गावची बेताळाची भव्य नग्न दगडी मूर्ती, पुण्यात ज्याच्या नावाने अख्खी टेकडी ओळखली जाते तो वेताळ. आपल्या देशावरच्या गावांत शिवेवर शेंदूर फासलेला तांदळा दिसतो. तो कुठे म्हसोबा असतो, कुठे वीर, कुठे वेताळ. नगर जिल्ह्यात नाथांची परंपरा मोठी, पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांची समाधी आहे, आणि श्रावणात घरोघरी ‘नवनाथ भक्तिसार’ची पारायणं होतात. त्या ग्रंथातही मच्छिंद्रनाथ वेताळाला आणि त्याच्या भूतसेनेला नमवतात. शिवाय वेताळपंचविशी आहेच, पाठीवर बसून राजाला कोडी घालणारी. असं सगळं भरलेलं नाव कॉमिक्समधल्या नायकाला मिळालं.

आता पुरावा मांडू. हा नायक मुळात ‘द फँटम’. अमेरिकन लेखक ली फॉक यांनी तो १७ फेब्रुवारी १९३६ पासून वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीत आणला. चित्रं रे मूर यांची. कथा अशी : १५३६ साली चाचे एका जहाजावर हल्ला करतात, एक तरुण तेवढा वाचून किनाऱ्याला लागतो. जंगलातले बुटक्या जमातीचे लोक त्याला सांभाळतात. बापाच्या खुन्याची कवटी हातात धरून तो शपथ घेतो की मी आणि माझे वंशज अन्यायाशी लढत राहू. बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, म्हणून बाहेरच्यांना वाटतं की हा एकच माणूस चारशे वर्षं मेलाच नाही. आपण वाचतो तो एकविसावा.

‘टाइम्स ऑफ इंडिया’ समूहाने मार्च १९६४ मध्ये मुंबईतून इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं, ते १९९० पर्यंत चाललं. त्याच्या मराठी आवृत्तीत फँटमचा वेताळ झाला.

म्हणजे वाट कळली. फॉक यांचं पात्र आधी, वेताळ हे नाव जवळपास तीन दशकांनी नंतर, आणि तेही भाषांतरात. ‘फँटम आपल्या वेताळावरून घेतलाय’ असं कुणी लिहिलं तर तारखाच ते वाक्य खोडून काढतात.

पण इथे एक गोष्ट त्रास देते. रूप जुळत नाही हे खरं. शेंदराचा दगड कुठे आणि जांभळा पोशाख कुठे. काम मात्र चांगलंच जुळतं. वेताळ शीव राखतो, हा जंगल राखतो. वेताळ भुतांचा राजा, रात्री पालखी घेऊन निघणारा. हाही ‘चालतं भूत’ म्हणून ओळखला जातो. वेताळाला मरण नाही, यालाही नाही असा समज. मग हे काय?

विज्ञान शाखेतल्या मुलांना याचं उत्तर माहीत आहे. वटवाघळालाही पंख आहेत, फुलपाखरालाही आहेत. पण एक पंख हाडांच्या हातावर ताणलेली कातडी आहे, दुसऱ्यात हाडच नाही. दोघांना उडायचं होतं, म्हणून दोघांकडे पंख आले. साम्य कामामुळे आलं, नात्यामुळे नव्हे. ‘वस्तीच्या कडेला उभा राहून सगळ्यांना धाक दाखवणारा, न मरणारा राखणदार’ ही गरज अनेक समाजांना पडली. ती भागवणारी पात्रं एकमेकांसारखी दिसली तर लगेच उसनवारीचा संशय घ्यायचं कारण नाही.

ताडून बघायला एक नमुनाही हाताशी आहे. बंगालीत याच फँटमला ‘अरण्यदेव’ म्हणतात. इंग्रजी नावात देव कुठेच नाही, तरी दोन भाषांत दोन निरनिराळ्या भाषांतरकारांनी त्याला देवांच्या रांगेत नेऊन बसवलं. दोनच नमुने आहेत, यावरून नियम काढता येणार नाही. पण निदान एवढं दिसतं की मराठीतलं नाव निव्वळ शब्दकोश उघडून ठेवलेलं नाही. शब्दकोशाने ‘भूत’ दिलं असतं, आणि भूत नावाच्या नायकाला पोरं हसली असती. ‘वेताळ’ म्हणजे ज्याला भुतंही भितात तो. निवड अचूक होती. अनुवाद म्हणून मी तिला पैकीच्या पैकी गुण देईन.

टीका करायची ती इथून पुढे. हे नाव इतकं अचूक बसलं की त्यामागचं चित्र दिसेनासं झालं. चित्र काय आहे? बाहेरून आलेलं एक गोरं घराणं चारशे वर्षं परक्या जंगलात राहतं, तिथल्या जमातींचे तंटे सोडवतं, शिक्षा देतं, आणि स्थानिक लोक त्याचं गुपित निष्ठेने जपतात. १९३६ साल म्हणजे साम्राज्यांचा काळ, तेव्हा हे कुणाला खटकलं नसेल. पण ‘फँटम’ परका म्हणून निदान परका वाटला असता. ‘वेताळ’ म्हटल्यावर तो आपल्या मातीतला राखणदार झाला.

संपादकांना असं काही सुचलंच नसेल असंही म्हणता येत नाही. मूळ पट्टीत जंगलाचं नाव बंगालची आठवण करून देणारं होतं, भारतात त्याचं ‘डेंकाली’ केलं गेलं. मूळचे चाचे ‘सिंग’ होते, इथे ते ‘सिंगा’ झाले. भारतीय वाचकाला काय टोचेल ते ओळखून काटे काढले होते. पण खलनायकाच्या नावातला काटा दिसला, नायकाच्या सिंहासनातला दिसला नाही.

आणि गावच्या वेताळाशी तुलना केली की फरक फार साध्या गोष्टीत सापडतो. चपलांमध्ये! आरवलीच्या वेतोबाला भक्त भल्यामोठ्या चपला वाहतात. रात्रभर गावाची राखण करत हिंडून देवाच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. म्हणजे देव गाव राखतो आणि गाव देवाला जोडे पुरवतं. देणंघेणं दोन्ही बाजूंनी आहे. नवस बोलला जातो, फेडला जातो, आणि देवाचं अडलं तर ते गावाकडेच अडतं. कॉमिक्समधल्या वेताळाचं कुणाकडे काहीच अडत नाही. त्याच्या गुहेत खजिन्याच्या खोल्या आहेत. लोकांनी त्याला फक्त मानायचं. एक राखणदार गावाच्या जिवावर उभा आहे, दुसरा गावाच्या वर. काम सारखं दिसलं तरी नातं पूर्ण वेगळं, आणि नाव देताना नेमकं ते नातंच गळून पडलं.

म्हणून माझं मत असं : मराठी वेताळ हे उत्तम भाषांतर आहे आणि म्हणूनच ते जपून वाचायला हवं. लहानपणी ज्यांनी ते जीव टाकून वाचलं त्यांचा आनंद खोटा नव्हता. पण संशोधकाने नावाच्या गोडव्यावर थांबून चालत नाही.

या विषयावर कुणाला खरंच काम करायचं असेल तर दोन्ही टोकांना जावं लागेल. एका टोकाला मराठी इंद्रजालचे अंक, मूळ इंग्रजी पट्टीशेजारी ठेवून, चौकट चौकट करून वाचायचे. काय बदललं, काय गाळलं, कुठला शब्द कशासाठी वापरला, याचा तक्ता करायचा. दुसऱ्या टोकाला तुमच्या तालुक्यातला शिवेवरचा दगड. दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिताचे माणूस, पण ‘मिथ अँड रिॲलिटी’ (१९६२) मधल्या देवतांसाठी ते पुण्याच्या आसपास पायी हिंडले. आपणही विचारायचं : याला शेंदूर कोण लावतं, नैवेद्य काय, कुठल्या घराण्याचा मान, कुठल्या रात्री कुणी तिकडे जायचं नाही. उत्तरं जशी मिळतील तशी लिहायची, कॉमिक्सच्या वेताळाशी जुळवायची घाई करायची नाही.

तोवर सिनॉप्सिसमधलं ‘वेताळावरून प्रेरित’ खोडा आणि ‘मराठी आवृत्तीत वेताळ हे नाव दिलं गेलं’ असं लिहा. वाक्य रुक्ष आहे, पण व्हायवात ‘कशावरून?’ असं विचारलं तर त्याला उत्तर आहे.