आधी द्याक, मग रेजेंट

युक्रेनच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये उपासना गायली जाते, तीही वाद्यांशिवाय. म्हणून गाणारा कसा घडवायचा, हा तिथे केवळ संगीताचा प्रश्न राहत नाही.

द्याकाची, म्हणजे उपासनेतल्या मुख्य गायकाची, विद्या कानाची आहे. दर आठवड्याला आठांपैकी एक 'ग्लास' लागतो आणि त्या चालीत त्या दिवसाचा मजकूर त्याला उभ्या उभ्या बसवावा लागतो. शब्द लांबला तर चाल लांबते. वृंद चालवणाऱ्या रेजेंटची विद्या कागदाची: निकोलाय डिलेत्स्कीने सतराव्या शतकात आपल्या 'संगीत व्याकरणा'त बहुस्वरी रचनेचे नियम मांडले, तिथून ती परंपरा पुढे आली.

या दुसऱ्या वाटेचं कौतुक पुष्कळ झालं, किंमत कमी मोजली गेली. 1738 मध्ये ह्लुखिवला गायनशाळा उभी राहिली ती पीटर्सबर्गच्या दरबाराला गळे पुरवण्यासाठी. बोर्टन्यान्स्की ह्लुखिवचाच, लहानपणीच दरबारी गायकवृंदात गेला आणि पुढे त्याचा प्रमुख झाला. त्याच्या रचना थोर आहेतच. पण शाळा गावात आणि गळे राजधानीत, हेही तितकंच खरं.

गालिसियात 'समोयिल्का' टिकली. तिथे वृंद नसतो, अख्खी सभा गाते. ते गाणं कधी बेसूरही होतं, पण कोणी नुसता श्रोता उरत नाही. म्हणून वाटतं, रेजेंटने हात उचलायला शिकण्याआधी काही वर्षं द्याकाशेजारी उभं राहावं. नाहीतर वृंद सुरेल होईल आणि सभा मुकी.