वारसा कुणाचा, वर्ग कशाचा? : ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगच्या नोट्स वाचताना

कोथरूडला कर्वे पुतळ्यापासून डहाणूकर कॉलनीकडे चालत गेले, तर झेरॉक्सच्या एखाद्या दुकानात बारावीच्या संगणकशास्त्राच्या नोट्स सहज मिळतात. सुटी पाने, स्टेपल मारलेली, वर कुणाचेही नाव नाही. आम्ही काही शिक्षकांनी सुट्टीत अशा नोट्सचे चार-पाच संच गोळा केले आणि त्यांतला ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगचा भाग ओळीने वाचून काढला. एक संच आमच्यापैकीच एकाने पंधरा वर्षांपूर्वी तयार केलेला निघाला. तेव्हा पुढे जी टीका आहे, तिच्यात आमचाही कान पिळलेला आहे.

या नोट्स परीक्षेसाठी असतात, आणि परीक्षेला त्या उपयोगी पडतात, याबद्दल तक्रार नाही. आमची तक्रार उदाहरणांबद्दल आहे. व्याख्या मुले विसरतात, उदाहरण मात्र लक्षात राहते. ते चुकीचे असेल तर व्याख्या बरोबर असूनही समज चुकीचीच होते, आणि ही समज घेऊन मुले अभियांत्रिकीला जातात.

प्रथम शब्दच पाहू. ऑब्जेक्ट ओरिएंटेडला काही ठिकाणी 'वस्तुनिष्ठ' म्हटले आहे. मराठी विद्यार्थ्याला वस्तुनिष्ठ म्हटले की योग्य पर्याय निवडा, रिकाम्या जागा भरा, हेच आठवते. 'वस्तुकेंद्री' त्यापेक्षा बरा. क्लासला 'वर्ग' म्हणावे तर शाळेत वर्ग म्हणजे खोली आणि गणितात वर्ग म्हणजे संख्येला त्याच संख्येने गुणणे. पण हे शब्द फारसे नुकसान करत नाहीत. खरे नुकसान करतो तो 'वारसा'.

इनहेरिटन्स समजावताना जवळजवळ प्रत्येक संचात वडील आणि मुलगा येतात. वडिलांचे घर मुलाला मिळते, नाकही मिळते, तसे बेस क्लासचे गुणधर्म डिराइव्ह्ड क्लासला मिळतात. ऐकायला छान आहे. आता विद्यार्थ्यांना एक साधा प्रश्न घाला. 'खाते' हा बेस क्लास, 'बचतखाते' हा त्याच्यापासून काढलेला. 'खाते' या क्लासची अ ही वस्तू तयार केली आणि तिच्यात शिल्लक १० ठेवली. मग 'बचतखाते' या क्लासची ब ही वस्तू तयार केली. ब मध्ये शिल्लक किती? आम्ही हा प्रश्न वर्गात विचारला तेव्हा बरीच मुले आत्मविश्वासाने म्हणाली, दहा. का, तर वारसा मिळाला!

मुलांचा तर्क चुकलेला नाही, उदाहरणाने त्यांना तिथेच नेऊन सोडले आहे. वारसा हा एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीकडे जातो. प्रोग्रॅममधला संबंध मात्र वस्तू आणि वस्तू यांच्यातला नसून वर्णन आणि वर्णन यांच्यातला असतो. प्रत्येक बचतखात्यात शिल्लक नावाचा एक कप्पा असेल, एवढेच 'खाते' हा क्लास सांगतो. त्या कप्प्यात काय भरायचे ते ब ने स्वतः पाहायचे. अ च्या दहाशी त्याचा काही संबंध नाही. शिवाय बचतखाते हा खात्याचा एक प्रकार आहे, पण मुलगा हा वडिलांचा प्रकार नाही. रोजच्या बोलण्यात 'वडिलांच्या जागी मुलगा चालेल' असे आपण क्वचितच म्हणतो. खाते मागितले तिथे बचतखाते चालले पाहिजे, हा तर सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे.

गंमत अशी की ज्या भाषेत ही कल्पना प्रथम पूर्ण रूपात आली, तिथे वारशाचा शब्द नव्हता. नॉर्वेत ऑस्लोच्या संगणन केंद्रात ओले-योहान दाल आणि क्रिस्टेन निगार्ड यांनी सिम्युला ६७ ही भाषा तयार केली. रांगा, कारखाने, वाहतूक अशा गोष्टींच्या प्रतिकृती संगणकात चालवून पाहणे हा त्यांचा हेतू होता. एका क्लासच्या वर्णनाआधी दुसऱ्या क्लासचे नाव उपसर्गासारखे जोडायचे, अशी त्यांची पद्धत होती. उपसर्गाची ही कल्पना मराठीच्या शिक्षकांना लगेच पटेल : 'गुण'ला 'सद्' जोडला तरी तो गुणच राहतो, फक्त त्याचे वर्णन अधिक नेमके होते. दोघांना २००१ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले आणि दोघेही २००२ मध्ये, काही आठवड्यांच्या अंतराने, गेले.

याच वारशातून आलेले आणखी एक वाक्य सर्व संचांत आहे : प्रायव्हेट सदस्य वारशाने मिळत नाहीत. सी++ मध्ये हे खरे नाही. ते सदस्य डिराइव्ह्ड क्लासच्या प्रत्येक वस्तूत असतात, जागाही व्यापतात. नव्या क्लासच्या फंक्शनना त्यांना थेट हात लावता येत नाही, एवढेच. असणे आणि हाताळता येणे यांत फरक आहे, आणि हा फरक न कळलेला विद्यार्थी पुढे मेमरीचा हिशेब करताना हमखास अडकतो.

एनकॅप्सुलेशनला औषधाची कॅप्सूल येते. आत पूड, वर कवच. म्हणजे डेटा आणि फंक्शन एकत्र गुंडाळले. आणि लगेच पुढे : 'त्यामुळे डेटा सुरक्षित राहतो.' हे वाचून मुलाला वाटते की प्रायव्हेट लिहिले की चोर येणार नाही. चोराचा येथे काही संबंध नाही. त्याच प्रोग्रॅममधला एखादा खोडकर पॉइंटर तो डेटा खुशाल वाचू शकतो. प्रायव्हेटचा उपयोग चोरासाठी नाही, आपल्याच सहकाऱ्याच्या, आणि सहा महिन्यांनंतरच्या आपल्या स्वतःच्या, नजरचुकीसाठी आहे.

कॅप्सूलपेक्षा सोसायटीच्या जिन्याखाली पाहावे. तिथे विजेचे मीटर असतात आणि प्रत्येकाला सील असते. हे सील कशासाठी? आकडा लपवण्यासाठी नक्कीच नाही, तो तर काचेतून दिसतोच. आकडा फक्त वीज वापरल्यावरच वाढावा, आणि कधीही कमी होऊ नये, हा नियम पाळला जावा म्हणून सील आहे. क्लासमधला डेटा प्रायव्हेट करतो तो असाच एखादा नियम राखण्यासाठी. नियमच नसेल तर प्रायव्हेट करून, वर प्रत्येक कप्प्याला एक वाचायचे आणि एक लिहायचे फंक्शन देणे म्हणजे सील लावून त्याची चावी मीटरलाच टांगून ठेवणे. नोट्समधले निम्मे प्रोग्रॅम असेच आहेत.

मीटरचे उदाहरण आणखी पुढे जाते. पूर्वीच्या मीटरमध्ये ॲल्युमिनियमची चकती फिरायची. पुढे इलेक्ट्रॉनिक मीटर आले. आतले यंत्र पार बदलले, पण रीडिंग घ्यायला येणाऱ्या माणसाला नवे काही शिकावे लागले नाही : आकडा वाचायचा, मागचा वजा करायचा. आतला भाग बदलला आणि बाहेरचा करार तसाच राहिला. याउलट छतावर सौर पटले बसवली की मीटर बदलावे लागते आणि बिलाचा हिशेबही बदलतो, कारण आता घेतलेली वीज आणि दिलेली वीज असे दोन आकडे हवेत. येथे करारच बदलला. कुठला बदल आतला आणि कुठला कराराचा, हे ओळखणे हेच प्रोग्रॅमरचे अर्धे काम आहे.

पॉलिमॉर्फिझमला नोट्समध्ये एक गृहस्थ येतात. ते घरी वडील, कचेरीत साहेब आणि दुकानात गिऱ्हाईक. एकच माणूस, अनेक रूपे! हे तर अगदी उलटे उदाहरण आहे. येथे वस्तू एक आणि भूमिका अनेक. पॉलिमॉर्फिझममध्ये हाक एक असते आणि तिला ओ देणाऱ्या वस्तू निरनिराळ्या असतात. शिक्षकाला यासाठी शाळेबाहेर जायची गरज नाही. शिपाई तासाची घंटा देतो. एक तुकडी मैदानावर जाते, एक प्रयोगशाळेत, एक जागच्या जागी इतिहासाचे पुस्तक काढते. कोणती तुकडी काय करणार, हे शिपायाला माहीत नाही आणि माहीत असण्याचे कारणही नाही. जूनमध्ये नवी तुकडी वाढली तरी घंटा वाजवण्याची पद्धत बदलत नाही. आता अशी कल्पना करा की शिपायाला प्रत्येक तुकडीच्या दारात जाऊन 'तुम्ही आठवी ब असाल तर मैदानावर जा, नववी अ असाल तर' असे सांगायचे आहे. इफ-एल्सची लांबच लांब साखळी म्हणजे हेच. स्मॉलटॉक या भाषेमागचे ॲलन के यांनी पुढे खंत व्यक्त केली की 'ऑब्जेक्ट' या शब्दामुळे लोकांचे लक्ष वस्तूंकडे गेले. त्यांच्या मते खरी महत्त्वाची गोष्ट होती वस्तूंनी एकमेकींना पाठवलेले निरोप. घंटा म्हणजे असा निरोप.

येथेच नोट्समधला दुसरा मोठा दोष दिसतो. भाषेची रचना करणाऱ्याने घेतलेला निर्णय त्या निसर्गनियमासारखा सांगतात. 'बेस क्लासच्या फंक्शनपुढे व्हर्च्युअल लिहिलेच पाहिजे.' का लिहायचे? ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी केंब्रिजला असताना सिम्युला वापरली होती. तिची रचना त्यांना आवडली, पण त्यांचे मोठे प्रोग्रॅम तिच्यात फार सावकाश चालत. १९७९ मध्ये बेल प्रयोगशाळेत त्यांनी सी भाषेला क्लासची जोड द्यायला सुरुवात केली, ती याच अनुभवातून. जी सोय वापरली नाही तिची किंमत प्रोग्रॅमने मोजू नये, असा त्यांचा आग्रह होता. कोणत्या वस्तूचे फंक्शन बोलवायचे हे ऐनवेळी ठरवण्याला थोडी किंमत पडते, म्हणून ती सोय हवी असेल तर व्हर्च्युअल लिहून मागा. १९९५ च्या जावाने उलटा निर्णय घेतला : सोय आपोआप, नको असेल तर सांगा. पायथॉनमध्ये प्रायव्हेटची सक्ती नाही, नावाआधी अधोरेषा घालण्याचा संकेत आहे. २००९ ची गो आणि २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेली रस्ट, या भाषांत तर क्लासचा वारसाच नाही. 'इनहेरिटन्स हा आधारस्तंभ आहे' असे घोकलेल्या विद्यार्थ्याने या भाषांकडे कसे पाहायचे?

भाषा कुणीतरी बसून तयार करते, तिच्यात तडजोडी असतात, हे मुलांना सांगायला फार दूर जावे लागत नाही. स्वित्झर्लंडमध्ये निक्लाउस विर्थ यांच्या पास्कल भाषेसाठी १९७० च्या दशकात जो पी-कंपायलर तयार झाला, त्याच्या कर्त्यांत केशव नोरी हे भारतीय होते, आणि पुढे त्यांनी पुण्याच्या टाटा संशोधन, विकास व आरेखन केंद्रात काम केले. एका काल्पनिक यंत्रासाठी सूचना तयार करायच्या आणि प्रत्येक खऱ्या यंत्रावर त्या काल्पनिक यंत्राची छोटीशी नक्कल बसवायची, ही त्या कंपायलरची युक्ती. जावाचा प्रोग्रॅम कोणत्याही संगणकावर चालतो, तो याच जातीच्या युक्तीने. असो, हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

आता ज्या प्रश्नामुळे आम्ही हे वाचन सुरू केले, तो सांगतो. बारावीच्या एका मुलीने वर्गात विचारले होते : भूमितीत चौरस हा आयतच असतो. मग 'आयत' क्लासपासून 'चौरस' क्लास काढला आणि चौरसाची फक्त रुंदी बदलली तर काय होईल? तिला उत्तर मिळाले, पेपरात एवढे विचारत नाहीत. हे उत्तर देणारा आमच्यातलाच एक होता.

प्रश्न किती खोल आहे ते पाहा. आयताला दोन फंक्शने आहेत, लांबी बदल आणि रुंदी बदल. कुणीतरी आयत मागवून घेतला, लांबी ५ केली, रुंदी ४ केली आणि क्षेत्रफळ २० येईल अशा भरवशावर पुढचा हिशेब केला. त्याच्या हाती आपण चौरस दिला असेल, तर चौरस राहण्यासाठी त्याला रुंदीबरोबर लांबीही ४ करावी लागेल आणि क्षेत्रफळ १६ येईल. लांबीला हात लावला नाही तर २० येईल, पण मग तो चौरस राहणार नाही. म्हणजे भूमितीतले विधान प्रोग्रॅममध्ये मोडले? मोडले नाही. भूमितीतला आयत कधी बदलतच नाही; रुंदी वेगळी म्हणजे आयतच वेगळा. बदलण्याची फंक्शने काढून टाका, म्हणजे चौरस पुन्हा निर्धास्तपणे आयताच्या जागी बसतो. प्रकार असणे हे नुसत्या रूपावर ठरत नाही, वस्तूकडून कोणत्या वागणुकीची अपेक्षा आहे त्यावर ठरते. बार्बरा लिस्कोव यांनी १९८७ च्या एका व्याख्यानात हा विचार मांडला, १९९४ मध्ये जॅनेट विंग यांच्यासह तो काटेकोर केला, आणि २००८ च्या ट्युरिंग पारितोषिकाचा मान त्यांना मिळाला. सतरा वर्षांची मुलगी आपल्या पायांनी त्याच दारापर्यंत चालत गेली होती आणि आम्ही तिला परत पाठवले.

या वर्षी आम्ही एवढेच केले आहे की गुणांसाठी लागणाऱ्या व्याख्या एका पानावर पाठांतराला दिल्या. वडील, कॅप्सूल आणि ते तीन भूमिकांचे गृहस्थ नोट्समधून काढले. प्रात्यक्षिकाच्या पहिल्याच तासाला मीटरचा क्लास लिहायला सांगतो : वाचन दाखवणे आणि युनिट वाढवणे, बस्स. मग शेजारच्या जोडीला तो मीटर मागे फिरवून दाखवायला सांगतो. युनिट वाढवण्याच्या फंक्शनला उणे शंभर देण्याची युक्ती पहिल्या दहा मिनिटांत कुणाला ना कुणाला सुचते. त्या मुलीचा चौरस तिसऱ्या तासाला येतो. ती आता अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला उत्तर कळवले आहे.