‘ए, निकाल सांगू नकोस!’ : चाहत्याला नेमकं काय हवं असतं?



‘ए, सांगू नकोस हं!’ हे वाक्य तुमच्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी उच्चारलं असेल. मॅच संपलेली असते, आपण कामात अडकलेले असतो, रात्री घरी जाऊन निवांत बघायचं ठरवलेलं असतं, आणि समोरून एखादा गृहस्थ चेहऱ्यावर बातमी घेऊनच येतो. आपण कानांवर हात ठेवतो. तत्त्वज्ञानाच्या माणसाला इथे काहीतरी गोम आहे असं वाटतं. ज्ञान हवंसं, अज्ञान नकोसं, हे आम्ही वर्गात पहिल्या दिवसापासून सांगत आलो. आणि इथे एक शहाणासुरता माणूस ज्ञानापासून पळतोय, तेही ज्या गोष्टीचं त्याला वेड आहे तिच्याच ज्ञानापासून.

आज मी ज्या कलाकृतीबद्दल बोलणार आहे तिला कलाकृती म्हणायला काही जण कचरतील. बीबीसीवरच्या एका विनोदी मालिकेचा तो अर्ध्या तासाचा भाग आहे. मालिकेचं नाव ‘व्हॉटएव्हर हॅपन्ड टू द लाइकली लॅड्स?’, भागाचं नाव ‘नो हायडिंग प्लेस’, साल १९७३. लेखक दोघे, डिक क्लेमेंट आणि इयन ला फ्रेने. बॉब आणि टेरी हे इंग्लंडच्या ईशान्येकडच्या कारखानदारी भागातले दोन मित्र. १९६४ ते ६६ या काळात त्यांच्यावर आधी एक मालिका येऊन गेली होती, तेव्हा दोघेही कारखान्यात कामाला. मध्ये टेरी पाच वर्षं सैन्यात गेला. परत येऊन बघतो तर गावातल्या जुन्या चाळवजा वस्त्या पाडल्या जातायत, आणि बॉबने ऑफिसातली नोकरी, नव्या वसाहतीत घर आणि थेल्मा नावाची ग्रंथपाल वाग्दत्त वधू असा सगळा मध्यमवर्गीय संसार मांडायला घेतलाय. टेरी होता तिथेच आहे. किंबहुना, जिथे होता ती जागाच आता नाही.

या भागाचं कथानक दोन ओळींत सांगता येतं. इंग्लंडची बल्गेरियाविरुद्ध फुटबॉल मॅच दुपारीच होऊन गेलेली असते. टीव्हीवर ती रात्री दाखवणार. तोपर्यंत निकाल कानावर पडू द्यायचा नाही, असा या दोघांचा निश्चय. फ्लिंट नावाचा एक ओळखीचा आडदांड माणूस पैज लावतो की तुम्हाला ते जमणार नाही, आणि मग निकाल ऐकवायला त्यांच्या मागेच लागतो. दोन मोठे पुरुष दिवसभर स्वतःच्याच गावात फरारी गुन्हेगारांसारखे लपत फिरतात.

आता जरा बारकाईने बघू. मॅच झालेली आहे. गोल पडायचे ते पडलेत. अॅरिस्टॉटल ‘निकोमाखियन एथिक्स’च्या सहाव्या पुस्तकात म्हणतो की झालेल्या गोष्टीबद्दल कुणी विचारविनिमय करत नाही, ट्रॉय लुटलं असावं असं आज कुणी ठरवत नाही, झालेलं न झालेलं करणं देवालाही शक्य नाही. बरोबर आहे. पण बॉब आणि टेरी ठरवत काहीच नाहीयेत. ते आशा करतायत, आणि आशेला घड्याळ कळत नाही. ज्या गोष्टीचा निकाल आपल्याला ठाऊक नाही तिची आशा करता येते, मग ती गोष्ट उद्याची असो वा दुपारची. निकालाचं पाकीट टेबलावर पडलेलं असताना ते न उघडता आपण प्रार्थना करतो, ती याच जातीची. तर्काने ती मूर्खपणाची ठरते. तरी केलेली आहे ना आपण?

म्हणजे या दोघांना माहिती नकोय, त्यांना नव्वद मिनिटांची अनिश्चितता हवीय. आणि इथे लेखकांची हुशारी दिसते. भागात कुठेतरी त्यांना वर्तमानपत्रातला मथळा अर्धवट दिसतो, ‘इंग्लंड’ आणि पुढे नुसतं ‘फ’चं अक्षर. झालं! फोर? फाइव्ह? फेल? प्रेक्षकही मनातल्या मनात शब्द जुळवायला लागतो. आपल्याला त्या मॅचशी काही देणंघेणं नाही, मॅच काल्पनिक, सालही जुनं. तरी त्या एका अक्षराने आपल्याला चाहता करून टाकलेलं असतं.

मी एक कबुली देतो. नोकरीत असताना मी हा सगळा प्रकार कनिष्ठ समजत असे. वर्गात आडोर्नो शिकवायचो. त्याचा १९६९चा ‘फावला वेळ’ या विषयावरचा निबंध आहे, त्यात तो म्हणतो की मला कुणी छंद विचारला की धक्काच बसतो. त्याचं म्हणणं, फावला वेळ ही कामाचीच सावली; माणसाला उद्या पुन्हा कामाला जुंपण्यासाठी दिलेली वैरण. हे मी फार आवडीने शिकवायचो. निबंधाचा शेवट मात्र घाईत उरकायचो. शेवटी आडोर्नोच सांगतो की हॉलंडच्या राजकन्या बेआट्रिक्स यांच्या लग्नाचं जे दूरचित्रवाणी प्रदर्शन झालं, त्यावर त्याच्या संस्थेने लोकांना प्रश्न विचारले. तेव्हा असं दिसलं की लोकांनी ते आवडीने पाहिलं, पण त्याला पूर्णपणे भुलले नाहीत. एक डोळा सोहळ्यावर, दुसरा मिश्कील. म्हणजे चाहता गाफील नसतो, हे इतक्या कडक टीकाकारालाही मान्य करावं लागलं. मी ते पान उलटत होतो, कारण मला ते सोयीचं नव्हतं.

याच्या अगदी उलट टोकाला डेव्हिड ह्यूम. ‘ट्रीटाइज’च्या पहिल्या पुस्तकाच्या शेवटी संशयवादाने त्याचा पार अंधार होतो. मग तो काय करतो? जेवतो, बॅकगॅमन खेळतो, मित्रांशी गप्पा मारतो. आणि परत येऊन बघतो तर ते सगळे सिद्धान्त थंडगार आणि हास्यास्पद वाटतात. बॅकगॅमन म्हणजे आपल्या सारीपाटासारखाच फाशांचा आणि सोंगट्यांचा खेळ. ह्यूमवर बोलणारे सगळे या खेळाचा उल्लेख करतात. मला त्यातले मित्र जास्त महत्त्वाचे वाटतात.

कारण ‘नो हायडिंग प्लेस’मध्ये खरं काय चाललंय? बॉब आणि टेरी यांच्यात आता बोलण्यासारखं फारसं उरलेलं नाही. एकाला गालिच्याचा रंग ठरवायचाय, दुसऱ्याला नोकरी नाही. समोरासमोर बसून ‘आपलं काय होणार’ असं विचारणं या पुरुषांच्या भाषेतच नाही. पण निकालापासून लपायचं म्हटलं की दोघं पुन्हा शाळकरी पोरं. मॅचने त्यांना एक दिवस मिळवून दिलाय. टेरी हा काही प्रेमळ माणूस नव्हे, बरं का. एका ठिकाणी तो मित्राला म्हणतो की बिअर विचारली असती, पण माझ्याकडे सहाच कॅन आहेत! आणि तरी तो त्याच मित्राबरोबर दिवसभर लपतो.

माझा एक मित्र होता. चाळीस वर्षांत आमचं जे बोलणं झालं त्यातलं निम्म्याहून अधिक क्रिकेटचं. त्याच्या बायपासचं मला त्याच्या मुलाकडून कळलं, तेही नंतर. त्या आठवड्यात आम्ही दोनदा फोनवर बोललो होतो, आणि मला वाटतं फॉलोऑन द्यायला हवा होता का यावर वाद घातला होता. तो गेल्यावर मी बराच काळ ठरवू शकलो नाही, की त्या बोलण्याने आम्हाला जवळ ठेवलं की दूर. अजूनही नक्की सांगता येत नाही. म्हणून चाहत्यांच्या वेडाचं जे गोड गोड कौतुक हल्ली होतं, त्यात मला पूर्ण सामील होता येत नाही. हा उत्साह सोबत देतो, आणि बोलण्यापासून सुटकाही देतो.

आता थोडं पबच्या खेळांकडे वळतो, कारण तिथे हाच प्रश्न वेगळा दिसतो. सत्तरच्या दशकात यॉर्कशायर टेलिव्हिजनने ‘इनडोअर लीग’ नावाचा कार्यक्रम काढला. डार्ट्स, शव्ह हेपनी, बार बिलियर्ड्स, पंजा लढवणं, असले पबमधले खेळ थेट टीव्हीवर. निर्माता सिड वॉडेल, खाणकामगाराचा मुलगा, केंब्रिजला इतिहास शिकलेला. पुढे तोच डार्ट्सचा सर्वांत लाडका समालोचक झाला. आणि सूत्रधार कोण? फ्रेड ट्रूमन! आपल्या जुन्या मंडळींना हे नाव ऐकून पोटात गोळा येईल. १९५२, हेडिंग्ले, भारताचा दुसरा डाव, शून्यावर चार बाद. पंकज रॉय, दत्ता गायकवाड, माधव मंत्री, विजय मांजरेकर. त्यांतले तीन या ट्रूमनचे बळी, आणि त्याची ती पहिलीच कसोटी. तोच माणूस वीस वर्षांनी स्वेटर घालून, हातात पाइप आणि बिअरचा ग्लास घेऊन शव्ह हेपनीची ओळख करून देत होता.

डार्ट्सला हसणं सोपं आहे, आणि ‘नॉट द नाइन ओ’क्लॉक न्यूज’ने ते मनसोक्त हसून घेतलं. त्यांच्या प्रहसनात दोन ढेरपोटे खेळाडू बाण बाजूला ठेवून दारूचेच गुण मिळवतात. झकास आहे. पण खेळ बघा. ५०१ पासून उलटं मोजत शून्यावर यायचं, एका पाळीत तीन बाण, आणि शेवटचा बाण डबलमध्येच. फळ्यावर २० च्या एका बाजूला १, दुसऱ्या बाजूला ५. लोभ धरून हात हलला की शिक्षा. ३२ उरवायला सगळ्यांना आवडतं, कारण डबल १६ हुकून नुसता १६ लागला तर डबल ८ उरतो, तोही तसाच हुकला तर डबल ४. ज्या माणसाने शाळेत गणितात मार खाल्ला तो पबच्या कोपऱ्यात ही वजाबाकी बाण हवेत असताना करतो.

१९८३ची जागतिक स्पर्धा, स्टोक-ऑन-ट्रेंटच्या जॉलीज क्लबातली. अंतिम सामना एरिक ब्रिस्टो विरुद्ध कीथ डेलर. ब्रिस्टो सम्राट, डेलर तेवीस वर्षांचा पात्रताफेरीतून आलेला पोरगा. शेवटाकडे ब्रिस्टोचे ५० उरलेत, हातात एक बाण. मधल्या बुलवर मारला असता तर डाव संपला असता. त्याने मारला नाही. अठरा घेऊन ३२ ठेवले, कारण डेलरला १३८ हवे होते आणि तीन बाणांत १३८ कोण काढतो? डेलरने काढले. ट्रेबल २०, ट्रेबल १८, डबल १२. सामना ६-५.

इथे माझ्या मघाच्या सिद्धान्ताला अडचण येते, ती मी लपवत नाही. हा निकाल सगळ्यांना पाठ आहे, मी आत्ता सांगितलाच, आणि तरी चाहते तो सामना पुन्हा पुन्हा बघतात. मग अनिश्चितता हवी असते हे कसं? मला वाटतं, दुसऱ्यांदा बघताना आपण निकालाची वाट बघत नाही, ब्रिस्टोच्या निर्णयाची बघतो. या वेळी तरी तो बुलवर मारेल का? मारत नाही. शोकांतिकेचं कथानक ग्रीक प्रेक्षकाला आधीच माहीत असे, ईडिपसचं काय होणार ते काही गुपित नव्हतं. पण हे दुसरं बघणं पहिल्या बघण्याच्या पोटीच जन्मतं. ज्याने कधीच श्वास रोखला नाही त्याला पुन्हा रोखता येत नाही.

परत बॉब-टेरीकडे. या भागावर माझा एक आक्षेप आहे, आणि तो आक्षेप मालिकेलाही थोडा ठाऊक असावा. टेरी एकदा जगातल्या देशांची यादी काढून एकेकाला नावं ठेवतो. मग यादी आकसत जाते, गावाबाहेरचे आवडत नाहीत, गल्लीतले कित्येक आवडत नाहीत, शेवटी शेजारीही नाहीत. प्रेक्षक खो खो हसतात. मीही हसलो. पण ‘आपण जिंकलो’ म्हणणाऱ्या माणसाचं ‘आपण’ असंच असतं. नव्वद मिनिटं ते अख्ख्या इंग्लंडएवढं होतं, आणि शिट्टी वाजली की शेजारच्या घरापर्यंतही पोचत नाही. थेल्माला तर त्यात मुळीच जागा नाही. संपूर्ण मालिकेत ती बहुतेक वेळा मित्राला ओढून नेणारी बाई म्हणूनच येते, आणि तिलाही कशाचं तरी वेड असू शकेल असं लेखकांना फारसं सुचलेलं नाही. विनोद उत्तम असला तरी ही कसर कसरच.

शेवट मात्र मला निर्दोष वाटतो. मैदानात पाणी साचल्यामुळे मॅच झालेलीच नसते. तो ‘फ’ फ्लडचा. काहींना ही पळवाट वाटते. मला नाही वाटत. लेखकांनी इंग्लंडला जिंकवलं असतं किंवा हरवलं असतं, तर आपण दिवसभराची धडपड त्या आकड्याच्या तराजूत तोलली असती. आता तोलायला आकडाच नाही. उरतो तो फक्त दिवस.

२००२ मध्ये अँट आणि डेक या न्यूकॅसलच्याच जोडीने हाच भाग नव्याने केला. तेव्हा मोबाइल आलेले होते. आज करायचा झाला तर फ्लिंटची गरजच नाही, तो प्रत्येकाच्या खिशात थरथरतोय.

माझा नातू आधी स्कोअर बघतो आणि मग ठरवतो हायलाइट्स बघायचे की नाही. मी त्याला विचारलं, असं का रे? तो म्हणाला, ‘आजोबा, हरले असतील तर वेळ कशाला घालवायचा?’ मी तोंड उघडलं आणि मिटलं. तेवढ्यात त्याला मित्राचा फोन आला. फोनवर तोच स्कोअर, तोच वाद, अर्धा तास.

प्रश्न असतील तर घेऊ या.