फितूर : कोण फितला आणि कोणी फितवलं?

मगाशी एक श्रोते म्हणाले, फितूर आणि गद्दार एकच. अर्थाने जवळचे आहेत, कबूल. पण वाक्यात घालून बघा. 'किल्लेदार फितला' म्हणतो आपण, आणि 'किल्लेदाराला फितवलं' असंही म्हणतो. गद्दाराला असं क्रियापदच नाही. तो आपला आपण गद्दार. फितुराच्या मागे मात्र दुसरा माणूस उभा असतो, पैशाची थैली घेऊन, वतनाचं आमिष घेऊन, नाहीतर सुरा घेऊन.

शब्द मूळचा अरबी. 'फुतूर' म्हणजे शिथिलता, ढिलेपणा. हिंदीत 'फितूर' म्हणजे डोक्यातलं खूळ, वेड. २०१६ साली त्या नावाचा प्रेमपट आला तेव्हा मला वाटलं, नायकाला कोणी फोडला की काय! (हशा) आपल्याकडे हा शब्द गडकोटांच्या राजकारणात वाढला, म्हणून त्याला आजही दारूगोळ्याचा वास येतो.

आणि हाच शब्द आपण कोर्टात नेला. 'खटल्यातील महत्त्वाचा साक्षीदार फितूर.' अशी बातमी महिन्यातून एकदा तरी वाचतोच. इंग्रजीत त्याला 'होस्टाइल' म्हणतात. गंमत म्हणजे कायद्यात तोही शब्द नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम १५४ एवढंच सांगत होतं की न्यायालयाच्या परवानगीने आपण बोलावलेल्या साक्षीदाराला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारता येतात. नव्या कायद्यातही तसंच आहे. म्हणजे कायदा प्रश्न विचारण्याची मुभा देतो, आणि आपण मराठीत थेट किल्ल्याचा दरवाजा उघडल्याचा आरोप ठेवतो!

बेस्ट बेकरी खटला आठवा. २००३ साली बडोद्याच्या न्यायालयात मुख्य साक्षीदार मुलीने साक्ष फिरवली, सगळे आरोपी सुटले. थोड्याच दिवसांत तिनेच सांगितलं, जिवाच्या भीतीनं खोटं बोलले. सर्वोच्च न्यायालयाने फेरसुनावणी महाराष्ट्रात नेली. मुंबईत ती पुन्हा उलटली. २००६ मध्ये तिला एक वर्षाची कैद झाली. ती योग्य की अयोग्य, हा वाद आज नको. पण तिचं नाव आपल्यापैकी कितीतरी जणांना पाठ आहे. तिला भीती घालणाऱ्यांपैकी एकाचं तरी सांगता येईल?

माझी तक्रार इथे आहे. फितवणाऱ्याकडे बोट दाखवण्याची सोय ज्या शब्दात आहे, तो आपण निम्माच वापरतो. 'साक्षीदार फितूर' लिहिलं की बातमी संपली. 'कोणी फितवला?' हा प्रश्न त्याच क्रियापदात बसलेला असतो, बातमीदार विचारत नाही, आपणही नाही. बरं, प्रत्येक वेळी कोणी फितवलेलंच असतं असंही नाही. पाच-सात वर्षांनी साक्षीला उभा राहिलेला माणूस खरोखर विसरतो. कधी पोलिसांनी लिहिलेला जबाब त्याचा नसतोच. अशा वेळी 'साक्ष फिरवली' एवढं साधं लिहावं. आणि फितूर लिहायचंच असेल तर पुढचं वाक्य लिहायची तयारी ठेवावी.